एका वयाचे दोघे

फाल्गुन संपत आला की परसात काजूच्या बिया भाजल्याचा धूर भरतो, शेजारणीच्या अंबाड्यातल्या सुरंगीच्या वळेसराचा वास आमच्या स्वयंपाकघरापर्यंत येतो, आणि यंदा त्यात भर म्हणून ओटीभर पुस्तकं पसरली आहेत. आमचा विनू मॅट्रिकला बसतो आहे. पहाटे उठून तो असा काही घोकतो की आधी कावळे जागे होतात, मग माझे सासरे, मग सगळी आळी. येणारीजाणारी प्रत्येक बाई पायरीवर टेकून विचारते, "केवढा झाला गं विनू?" आईला याहून गोड प्रश्न नसावा. मी "अठरावं लागलं" एवढं म्हणते आणि चुलीवर काही करपत असल्यासारखी आत निघून जाते. चुलीवर काही नसतं.

मुलाचं वय सांगताना लाज वाटते, हे सांगितलं तर लोक माझ्याकडे संशयानं बघतील. विनूचा यात काही दोष नाही. त्याच्या वयाला चिकटून दुसरं एक वय माझ्या मनात आपोआप उभं राहतं, आणि ते मोजायला आमच्या घरानं फार उशीर केला. इतर दिवशी मी विसरते. पण चैत्र-वैशाख जवळ आला, वारा खाऱ्या ओलाव्यानं जड झाला, कोणाच्या तरी अंगणात मुंजीच्या मांडवाचे खांब उभे राहिले, की मला विनूची मुंज आठवते आणि मग कप्तान आठवतो.

मोठी लढाई संपून थोडी वर्षं झाली होती. माझे सासरे, आम्ही त्यांना मामंजी म्हणतो, तेव्हा बंदरावरच्या कचेरीत नोकरीला होते. एका आगबोटीवरच्या गोऱ्या कप्तानाच्या कुत्रीला बोटीवरच पिल्लं झाली आणि त्यातलं एक तो कचेरीत सोडून गेला. कोणी घेईना. ब्राह्मणाच्या घरी विलायती कुत्रं कशाला, असं सगळे म्हणाले, म्हणून मामंजींनी ते घरी आणलं. लोक नको म्हणाले की ते काम आधी करायचं, असा त्यांचा स्वभाव. विनू तेव्हा पाळण्यात होता, जेमतेम दीड महिन्याचा, आणि पिल्लूही तेवढंच. सासूबाई म्हणाल्या, "एक रडणारं होतंच घरात, आता दुसरं आणा." पण दुसऱ्या दिवशी माझ्या बाळंतपणाच्या पेजेचं भांडं चुलीवर चढलं तेव्हा त्यात त्यांनीच पळीभर पाणी जास्त घातलं. बोटीवरून आला म्हणून त्याचं नाव कप्तान पडलं.

तेव्हापासून आमच्या घरात दोघांचं वय एकच धरलं जाई. विनूचा वाढदिवस तो कप्तानचा वाढदिवस. विनूचं औक्षण झालं की कप्तानला वडीचा तुकडा. विनू रांगायला लागला तेव्हा कप्तान वासराएवढा झाला होता. विनू भिंतीला धरून उभा राही तेव्हा कप्तान फाटकापाशी उभा राहून टपालवाल्याला घाम फोडत असे. विनू दोन वर्षांचा झाला, "आई" आणि "नको" एवढे दोनच शब्द त्याला येत होते, आणि कप्तानच्या भुंकण्यानं पलीकडच्या आगरातले वानर पळत. मामंजी कौतुकानं सांगत, "एकाच महिन्यातले आहेत दोघे, पण बघा." सगळे बघत आणि हसत. मीही हसे. तो पुढे चालला आहे हे सगळ्यांना दिसत होतं. वाटेवर पुढे चालणारा मुक्कामालाही आधी पोचणार, हे मात्र कोणाच्या डोक्यात आलं नाही. वाढला तेव्हा कौतुक केलं, आणि थकला तेव्हा हिशेब विसरलो.

विनूला आठवं लागलं आणि मामंजींना साठ पुरी होत आली. आमच्याकडे काटकसर ही कुळाचाराइतकी जुनी, तेव्हा ठरलं की वैशाखात एकाच मांडवात दोन्ही कार्यं उरकायची, आदल्या दिवशी मामंजींची साठीशांत आणि दुसऱ्या दिवशी विनूची मुंज. घर सारवलं, अंगण चोपलं, मांडवाला नारळाचे झाप आणून टाकले. मामंजींनी साठीची तयारी महिनाभर आधीच सुरू केली होती. आंघोळीला पाणी कढत हवं. जेवताना मऊ भात, वर तूप. दुपारी ओटीवर घोंगडी पसरून ते आडवे झाले की विहिरीचा रहाटसुद्धा कोणी हलवायचा नाही. "माझं वय झालं आता," असं ते म्हणत, आणि त्यात दुःख अजिबात नव्हतं. मान मिळण्याचा दिवस जवळ आल्याचा थाट होता. विनूला मात्र त्यांनी पहाटे उठवायला सुरुवात केली. संध्या पाठ करायची, थंड पाण्यानं आंघोळ करायची, मागून खायचं नाही. "मुंजीचं वय झालं. लाडाचे दिवस संपले."

आणि एकाच वयाचे म्हणून ते संपले दोघांचेही.

त्या वर्षी कप्तान बिघडला, असं सगळ्यांचं मत होतं. वानरांनी कैरीचा घड झोडपून काढला तरी तो फाटकापाशी बसून बघत राहिला. अनोळखी माणूस थेट ओटीपर्यंत आला तरी त्यानं फक्त मान उचलली. एकदा पायरीवरच त्यानं मुतून ठेवलं आणि मग त्या ओल्याकडे न बघता भिंतीकडे तोंड करून बसला. मामंजी त्याच्याशी विनूशी बोलत तसेच बोलत, "एवढा घोडा झालास, अजून वळण नाही." त्याची भाकरी निम्मी करायचा हुकूम निघाला, कारण खाऊन खाऊन सुस्ती आली आहे. ती भाकरी मोडून निम्मी बाजूला ठेवणारा हात माझा होता. तो उरलेल्या अर्ध्या भाकरीकडे बघे, मग माझ्याकडे, आणि निमूट खाई. ओरडून मागितली असती तर बरं झालं असतं.

दुपारची गोष्ट तर मला अजून ऐकू येते. जेवणं झाली की कप्तान ओटीखालच्या सावलीत अंग टाकी. मामंजी हातातल्या काठीचं टोक त्याच्या बरगडीला लावून म्हणत, "ऊठ. आठ वर्षांच्या पोरानं दुपारी झोपायचं असतं का?" तो उठे. पुढचे पाय आधी, मग बराच वेळ काही नाही, मग मागचे पाय, आणि छातीतून एक कण्हणं. तो फाटकाकडे निघाला की मामंजी घोंगडीवर बसत. एक गुडघा टेकून, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा, आणि छातीतून एक कण्हणं. मी आत भांडी घाशीत असे. डोळे मिटले तर कोण कण्हलं ते मला सांगता आलं नसतं. दोन कण्हणी शेजारी शेजारी ऐकू येत होती, एकाला मी तेल कोमट करून देत होते आणि दुसऱ्याला आळस म्हणत होते. कानांना कळलेलं मनापर्यंत पोचायला किती वेळ लागावा, याला काही सुमार आहे की नाही?

आमच्या घराची आणखी एक रीत होती. मुलगा द्वाड निघाला की त्याला खाडीपलीकडे पावस गावी धाडायचा. तिथे मामंजींच्या चुलतभावाची कलमांची बाग होती आणि चुलतभावाच्या हातात छडी होती. विनूच्या वडिलांनीही लहानपणी तिथे एक उन्हाळा काढला होता, त्याविषयी ते अजून बोलत नाहीत. कार्याला थोडे दिवस राहिले असताना मामंजींनी ठरवलं की कप्तानला पावसला पाठवायचं. बागेत वानर फार, काम पडेल, अंग हलेल, सरळ होईल. शिवाय मांडवात पाहुणे यायचे, त्यात हे एवढं धूड मध्ये नको. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "ऊन फार आहे हो." मामंजी म्हणाले, "त्याच्या वयाचा होतो तेव्हा मी अनवाणी शाळेत जात होतो."

शिवा गडी त्याला दोरी लावून घेऊन गेला. भाट्याची खाडी तरीच्या होडीतून ओलांडायची आणि पुढे कातळावरून चालत जायचं. विनू फाटकावर उभा राहून ओरडत होता, "लवकर ये रे, मुंज आहे." कप्तान वळून बघायला थांबला, की नुसताच थांबला, कोण जाणे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शिवा परत आला तेव्हा अंगणात बसून त्यानं आधी पाणी मागितलं.

"वयनी, चालवत नाय त्येला," तो म्हणाला. "कातळ तापलेला, पाय भाजलं त्येचं. चार पावलां टाकतोय नि बसतोय. दोरी वढली की गुमान उठतोय बिचारा. पावसला पोचाय काळोख झाला आमाला."

"मग तसाच परत का नाही आणलास?" मी विचारलं.

"आणला असता. मालक काय बोललं असतं?"

मालक काय बोलले असते ते मलाही माहीत होतं, आणि शिवाला विचारलेला प्रश्न मी मालकांना विचारणार नव्हते.

साठीशांत यथासांग झाली. मामंजी पाटावर बसले, दिव्यांचं ताट त्यांच्यापुढे फिरलं, लहानमोठ्या सगळ्यांनी पाया पडून घेतलं. वय ही केवढी दौलत आहे, असं त्या दिवशी कोणालाही वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी विनूचं डोकं तुळतुळीत झालं, मातृभोजनाला तो माझ्या ताटात जेवला आणि मुंज लागली. माझा भाऊ अण्णा मुंबईहून आगबोटीनं आला होता. तो गुरांचा डॉक्टर. सासरी त्याला 'ढोरडॉक्टर' म्हणत, माझ्यादेखतही म्हणत. पण मुंजीत मामाचा मान मोठा, त्यामुळे दोन दिवस त्याला सगळे 'अण्णासाहेब' म्हणत होते.

दुपारची पंगत उठत होती. फणसाची भाजी, आमरस, उन्हानं तापलेल्या झापांचा वास, उष्टी पत्रावळ उचलणाऱ्यांची धांदल. मांडवाच्या मागच्या बाजूनं कोणी तरी "हाड, हाड" ओरडलं. मी वळून बघितलं तर कप्तान. गळ्यात तुटलेली दोरी होती. पावसहून तो एकटा आला होता. तरीवाल्यानं नंतर सांगितलं की तो होडीत चढून मुकाट कडेला बसला आणि अलीकडे पोचल्यावर कोणी तरी खाली उतरवीपर्यंत उठला नाही. कुठे कुठे थांबला, काय खाल्लं, काही कळलं नाही. गर्दीतून वाट काढत तो आपल्या पायरीपर्यंत आला आणि तिथे पडला. पंजांची कातडी सोलली होती. पाहुण्यांनी पंचे सावरले. मला आधी काय वाटलं ते सांगते, कारण तेच सांगायला हवं. मला वाटलं, आता पाहुण्यांसमोर हसं होणार.

अण्णा हात धुऊन तिकडे गेला. त्याला सोवळंओवळं नव्हतंच. त्यानं कप्तानचा ओठ वर करून दात बघितले, पापणी ओढून डोळा बघितला, मागच्या पायाचा सांधा हळूच वाकवला. मग मला विचारलं, "ताई, हा कोणाचा म्हातारा?"

लंगोटी लावलेला, दंड घेतलेला विनू धावत आला होता. "म्हातारा नाही मामा," तो म्हणाला. "आमचाच आहे. माझ्याएवढा आहे तो. आम्ही एकाच महिन्यातले."

"अरे शिवू नकोस, मुंज झालीय तुझी," सासूबाई लांबून म्हणाल्या. विनू शिवलाच.

अण्णा हसला. त्याला घरातलं काहीच ठाऊक नव्हतं. "एका महिन्यातले असाल, पण एका वयाचे नाही," तो म्हणाला. "हे बघ, पहिल्याच वर्षात हा बोबडं बोलून, शाळा संपवून, मिसरूड फुटण्यापर्यंत, पंधराव्यापर्यंत पोचला. दुसऱ्या वर्षी लग्नाचा, चोवीस वर्षांचा झाला. तिथून पुढे तू एक वर्ष चालतोस तेवढ्यात हा सहा-सात वर्षं चालतो. लहान अंगाची कुत्री त्या मानानं सावकाश जातात. हा एवढा थोराड, याला घाई फार. कर बघू बेरीज."

विनूनं बोटं मोजायला घेतली. पाढे त्याचे चांगले होते. त्याच्या बोटांबरोबर मीही मनात मोजत होते. पलीकडे विडे वाटत होते.

"साठ होतात," विनू म्हणाला. "म्हणजे आजोबांएवढा?"

"साठीच म्हण. आजोबांच्या बरोबरीचा." अण्णानं मान वर केली आणि माझ्या मागे बघून हसत म्हणाला, "काका, काल यालाही शेजारी पाट मांडायला हवा होता."

मामंजी माझ्या मागेच उभे होते. अंगावर कालचं नवं उपरणं होतं, हातात काठी होती. ते हसले नाहीत. त्यांनी कप्तानच्या पायांकडे बघितलं, मग आपल्या काठीच्या टोकाकडे बघितलं, आणि काठी हळूच दुसऱ्या हातात, पलीकडच्या बाजूला घेतली. सासऱ्यांची लाज सुनेनं बघू नये. मी पदर सावरायच्या निमित्तानं तोंड फिरवलं, तर समोर सासूबाई, त्याही पदरच सावरत होत्या. अण्णाला वाटलं आपली थट्टा पाहुण्यांना रुचली नाही. तो बिचारा ओशाळून पंजांना लावायला खोबरेल मागू लागला. ज्यानं काही केलं नव्हतं तोही त्या मांडवात ओशाळला होता.

त्या दुपारी मामंजी आडवे झाले नाहीत. घोंगडी घडी घातलेली तशीच राहिली. ते खांबाला टेकून बसले, पायरीवर कप्तान झोपला, आणि त्याला कोणी उठवलं नाही.

आमच्या घरात चूक झाली असं तोंडानं म्हणायची पद्धत नाही. दुसऱ्या दिवशी जेवायच्या आधी मामंजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. जातायेता कधी तिथे न थांबणारा माणूस. माझ्याकडे न बघता म्हणाले, "सूनबाई, माझा मऊ भात लावता तो थोडा जास्त लावत जा."

"भूक लागते का रात्री?" मी विचारलं. कळत असूनही विचारलं, याचीही आता लाज वाटते.

"नाही," ते म्हणाले. "दोघांना पुरेल एवढा."

मग रोज दोघांचा मऊ भात एकाच पातेल्यात शिजू लागला. त्यांच्या वाटणीवर जेवढं तूप, तेवढंच त्याच्या वाटणीवर. गुडघ्याचं तेल कोमट केलं की वाटीत उरलेलं सासूबाई त्याच्या सांध्यांना चोळत आणि चोळताना बडबडत, की मेला जड किती आहे. सगळं घर त्याच्याशी चांगलं वागायला लागलं होतं, आणि त्याला त्यात काही नवल वाटलेलं दिसत नव्हतं. तो आधीही रागावला नव्हता. राग धरला असता तर त्याची समजूत तरी काढता आली असती.

पण एक सवय त्यानं सोडली नाही. मामंजी ओटीवरून उतरायला लागले की पायरीवरचा कप्तान उठून उभा राही. पिल्लू असल्यापासूनचं वळण ते. ज्याला वळण नाही म्हणून पावसला पाठवला, त्याचं वळण. आता उठणं त्याला झेपत नव्हतं, तरी पुढचे पाय टेकून तो अंग वर ओढायला लागे. पाऊस सरत आला होता तेव्हाची गोष्ट, आगबोटी पुन्हा सुरू व्हायच्या होत्या. विनू शाळेत गेला होता. मी दारात तांदूळ निवडत होते. मामंजी उतरायला निघाले, कप्तान कण्हला आणि उठू लागला. मामंजी थांबले. काठी त्यांनी आधीच खांबाला टेकवून ठेवली होती. ते वाकले, त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि शेजारच्या घरचा कोणी बरोबरीचा गृहस्थ ओटीवर आला असता तर म्हणाले असते तसं म्हणाले, "बसा. उठू नका."

पहिल्या आगबोटीचा भोंगा झाला त्या आठवड्यात कप्तान गेला. रातांब्याच्या झाडाखाली त्याला पुरला. विनू रडला, मोठ्यानं, मुलं रडतात तसा. मामंजींनी त्या दिवशी मऊ भात खाल्ला नाही, आणि पुढेही पुष्कळ दिवस आमच्याबरोबरचाच मोकळा भात ते चावत बसत. कोणी नमस्काराला वाकलं की पूर्वीसारखे ताठ होऊन आशीर्वाद देत नसत, घाईघाईनं "असू दे, असू दे" म्हणत. लोकांना वाटे, साठीनंतर माणूस निवळला. आम्ही घरचे त्यावर काही बोलत नसू.

मला कधी कधी वाटतं, एवढं काय मनाला लावून घ्यायचं? कुत्रंच ते. वर्षं मोजायची वेगळी पट्टी असते हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. पण हा बचाव टिकत नाही. बेरीज ठाऊक नव्हती, कण्हणं तर ठाऊक होतं. घरात तेच कण्हणं आम्ही रोज ऐकत होतो आणि त्याला तेल लावत होतो. आणि मामंजींना माझ्याहून जास्त ठाऊक होतं, कारण ते त्यांच्याच गुडघ्यात होतं.

आज विनूची परीक्षा सुरू झाली. सकाळी देवापुढे, मग सासूबाईंपुढे, मग माझ्यापुढे वाकून तो ओटीवर गेला. मी त्याच्या हातावर घालायला दह्याची वाटी घेऊन मागोमाग गेले. मामंजी आता सत्तरीला टेकले आहेत, दिवसाचा बहुतेक वेळ पायरीपाशी खांबाला टेकून काढतात. नातू परीक्षेला निघाला म्हणून उभं राहून आशीर्वाद द्यावा असं त्यांच्या मनात आलं असावं. त्यांनी खांब धरला, एक गुडघा उचलला, मग बराच वेळ काही नाही. विनूला घाई होती. त्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि प्रेमानंच म्हणाला, "बसा आजोबा. उठू नका."

मामंजी बसले. विनू दही चाटत फाटकाबाहेर गेला. मामंजींनी रिकाम्या पायरीकडे बघितलं, मग वर माझ्याकडे बघितलं, आणि आम्ही दोघांनीही मान खाली घातली.